माळ्यावरच्या बाटल्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मार्चमध्ये आमच्या सोसायटीत रात्री अडीचच्या सुमारास मोठा आवाज झाला. सिलिंडर फुटला असं समजून सगळे जिन्यात धावले. ‘कुकरची शिटी उडाली’ असं सांगून त्या घराने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या घरची सून हळूच माझ्याकडे आली. मी दिंडोरी तालुक्यातल्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत 19 वर्षं काम केलं, हे तिला माहीत होतं. घरी वाइन करायला थॉमसन द्राक्षांचा रस, साखर आणि पावाचं यीस्ट काचेच्या बाटल्यांत भरून, बुचं घट्ट ठोकून तिने ते माळ्यावर ठेवलं होतं. त्यातल्या दोन बाटल्या फुटल्या. त्याच माळ्याखाली तिची आठ वर्षांची मुलगी रोज अभ्यासाला बसते.

बाटल्या का फुटल्या ते सांगते. लिटरभर गोड रसात दोनशे ग्रॅमच्या वर साखर असते. यीस्ट ती खातं तेव्हा निम्म्या वजनाचं अल्कोहोल होतं आणि उरलेल्याचा कार्बन डायऑक्साइड. तो वायू साधारण 50 लिटर भरतो. एवढा वायू बंद बाटलीत मावणार कसा? म्हणून जगभर घरी वाइन करणारे भांड्याच्या तोंडाला एअरलॉक लावतात. नागमोडी छोटी नळी, तिच्यात दोन घोट पाणी. आतला वायू बुडबुड करत बाहेर पडतो, बाहेरची हवा आणि चिलटं आत जात नाहीत. एवढ्याशा वस्तूने तो माळा वाचला असता.

दुसरी वस्तू हायड्रोमीटर, म्हणजे रसात तरंगत ठेवून घनता मोजायची काचेची नळी. वायनरीत हंगामात मी रोज सकाळी प्रत्येक टाकीची घनता मोजत असे. रस 1.090 च्या आसपास सुरू होतो आणि साखर संपली की 0.995 पर्यंत उतरतो. हा आकडा दोन-तीन दिवस हलला नाही, तरच आंबणं थांबलं असं समजायचं आणि मग बाटली भरायची. ‘बुडबुडे थांबले, झालं’ हा अंदाज धोक्याचा. थंडीत यीस्ट नुसतं मंदावतं आणि मार्चच्या उन्हात पुन्हा जागं होतं.

बाकीचं सामान साधं आहे. पहिल्या आठवड्यासाठी खाद्यपदार्थांकरिता बनवलेलं रुंद तोंडाचं पिंप, म्हणजे साली वर आल्या तरी ढवळता येतं. रंगाचा रिकामा डबा मात्र कितीही धुतलेला असला तरी नको. नंतरसाठी अरुंद गळ्याची काचेची बरणी, मलमलचं फडकं, आणि गाळ न हलवता वरची वाइन काढायला दीडेक मीटर स्वच्छ नळी. पितळेचं किंवा तांब्याचं पातेलं वापरू नये. त्यात ताक कळकतं हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं, द्राक्षाचा रसही आंबटच.

पण हे मी त्या सुनेला आधी का सांगितलं नव्हतं? कारण तिने विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मी घाबरले असते. महाराष्ट्र दारूबंदी कायदा 1949 चा. परवान्याशिवाय मद्य बनवणं हा त्यात गुन्हा आहेच, त्यासाठी भांडी-सामान बाळगणं हाही गुन्हा आहे. मी स्वतः घरी कधी वाइन केली नाही. कुणी करावी असंही हे पत्र सांगत नाही. पण लोक करतात, चोरून करतात, म्हणून कुणाला विचारत नाहीत.

याच राज्याने 2001 मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क उभं केलं. ज्या शेतकऱ्याची द्राक्षं टाक्यांत जातात, त्याच्या घरी पाच लिटरची बरणी मात्र गुन्हा. अमेरिकेत दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे सुमारे 757 लिटर वाइन घरच्यापुरती करता येते, विकता येत नाही. आपल्याकडे कुटुंबामागे 20 लिटरचा, नाममात्र शुल्काचा घरगुती परवाना द्यायला काय हरकत आहे? विक्री अर्थातच बंद. भट्टी लावून ऊर्ध्वपातन करणं तर कडकपणे बंदच राहावं, तो वेगळा आणि जिवावरचा प्रकार आहे. परवाना देताना एक दिवसाचं प्रशिक्षण सक्तीचं करा. शिकवायला माझ्यासारखे निवृत्त लोक नाशिकमध्ये पुष्कळ आहेत. मी फुकट येईन.

ज्यांच्या घरी आत्ता अशा घट्ट बुचाच्या बाटल्या असतील, त्यांनी त्या जोरात हलवू-झटकू नयेत. चष्मा आणि जाड हातमोजे घालावेत, बाटलीभोवती जाड टॉवेल गुंडाळावा, तिला रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावं आणि मग आपला चेहरा लांब ठेवून बूच हळूहळू सैल करावं. मुलांना त्या वेळी स्वयंपाकघरात येऊ देऊ नये.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
गंगापूर रोड, नाशिक