वायरच्या टोकाला शेंबी हवीच

संपादक महोदय,

भोसरीचा कारखाना असो वा सोसायटीचा पाण्याचा पंप, विजेच्या पॅनेलमध्ये मल्टिस्ट्रँड (अनेक बारीक तारांची) वायर स्क्रूखाली उघडीच दाबलेली सर्रास दिसते. तिच्या तारा विसकटतात, काही तुटतात, उरलेल्यांवर भार येऊन टर्मिनल, म्हणजे वायर जोडायची जागा, तापते. त्यासाठी टोकाला तांब्याची, कथिलाचा मुलामा असलेली शेंबी, म्हणजे तारांवर चढवायची छोटी नळी, हवी. (बाजारात ‘पिन लग’ मागा, ‘फेरूल’ म्हटले तर बहुधा वायरवर नंबर घालायची प्लास्टिक कडी हातात पडते.)

दीड चौरस मिलिमीटर वायरला काळ्या प्लास्टिक कॉलरची, ८ मिलिमीटर लांब नळीची शेंबी घ्यावी. वायर साधारण १० मिलिमीटर सोलावी, एकही तार कापू नये. इन्सुलेशन कॉलरमध्ये शिरले पाहिजे आणि तारा नळीच्या तोंडापर्यंत पोचल्या पाहिजेत. मग क्रिंपिंग टूलने दाबून हाताने ओढून पाहावे. पकडीने चेपलेली शेंबी निसटू शकते. अडीचच्या वायरला निळी. मोठी शेंबी लहान वायरवर कधीच नको.

टोकाला सोल्डर लावणे हा उपाय नव्हे. दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरते, स्क्रू ढिला पडतो आणि सांधा पुन्हा तापतो. सोसायट्यांनी पॅनेल ताब्यात घेताना एवढे तरी उघडून पाहावे.

– एक पॅनेल वायरमन, पुणे