व्हरमाँटच्या जमीनमालकांना

सप्रेम नमस्कार,

हिवाळ्यात बॉस्टन आणि न्यू जर्सीकडून व्हरमाँटला स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर धावणारी गाडी, चालवायला येणाऱ्या आम्हा मराठी मंडळींचे हे पत्र. राज्यात या गाड्यांसाठी आखलेल्या वाटा, म्हणजे ट्रेल, सुमारे ७,५०० किलोमीटरचे आहेत आणि त्यांतले जवळपास ८० टक्के तुमच्या खासगी कुरणांतून, जंगलांतून जातात. त्याचे भाडे तुम्ही घेत नाही. आमची वर्गणी व्हास्ट ही राज्यातली स्नोमोबाइल संघटना आणि गावोगावचे क्लब यांच्याकडे जाते; त्यातून ग्रूमरचे, म्हणजे ट्रेलवरचा बर्फ सपाट करणाऱ्या यंत्राचे, डिझेल, पूल, पाट्या आणि विमा यांचा खर्च भागतो. तुमच्या वाट्याला येतो तो फक्त त्रास. म्हणून तुम्ही नेमके काय सोसता ते सांगूनच आभार मानतो.

ट्रेल शेताच्या कडेने काठ्या रोवून आखलेला असतो, तरी मोकळा बर्फ दिसला की कोणीतरी आत वळतो. तो भुसभुशीत बर्फ लसूणघासाचे पांघरूण असतो. गाडीखाली दबला की थंडी जमिनीत खोल शिरते. मध्येच ऊन पडून वितळलेले पाणी त्याच पट्ट्यात गोठते आणि खालच्या कोंबांना हवा मिळत नाही. वसंतात शेत हिरवे होते, तो पट्टा मात्र तपकिरीच राहतो. शिवाय एकाची चाकोरी दिसली की मागून येणारे तिलाच ट्रेल समजतात.

मेपलच्या बागांत तर आणखी जपायला हवे. रसाच्या हंगामात झाडांचा गोड रस गोळा करायला झाडाझाडांत नळ्या ताणलेल्या असतात. एका नळीला चीर गेली की त्या ओळीतला निर्वात दाब पडतो आणि सगळ्याच झाडांचा रस घटतो. मेपलच्या एक लिटर पाकासाठी साधारण ४० लिटर रस आटवावा लागतो, हे ठाऊक असलेला माणूस ट्रेल सोडून झाडांत शिरणार नाही.

ग्रूमर मध्यरात्री तुमच्या घराजवळून घरघरत जातो, तेही तुम्ही चालवून घेता. त्याला रात्रच लागते. ग्रूमरमागे ओढल्या जाणाऱ्या ड्रॅग या सांगाड्याची पाती उंचवटे तळापर्यंत कापतात, बर्फ फोडून मिसळतात आणि मागचा तवा तो दाबतो. वरवर कापले तर उंचवटे पुन्हा तिथेच उठतात. दाबलेला बर्फ घट्ट व्हायला गोठणबिंदूखालची थंडी आणि वाहतुकीविना काही तास हवेत. ओल्या ट्रेलवर गाड्या आल्या की दुपारपर्यंत रात्रीची मेहनत वाया जाते.

तुमच्यापैकी एकाने जरी परवानगी काढून घेतली, तरी दोन गावांमधला दुवा तुटतो. वळसा काढायचा तर नवी परवानगी, झाडतोड, ओढ्यावर पूल, आणि हे सारे बर्फ नसतानाच करायचे. तो हिवाळा गेलाच. हे माहीत असूनही दर वर्षी तुम्ही हो म्हणता, याचे मोल आम्ही जाणतो.

आमच्याकडून एवढे: मूळ सायलेन्सर बदललेली गाडी आमच्या गटात नसेल. घराजवळून आणि गोठ्याजवळून वेग कमी, कचरा परत आमच्याच पिशवीत. हंगाम १६ डिसेंबर ते १५ एप्रिल. पण तो संपण्याआधीच चिखल वर आला, किंवा लाकूडतोडीसाठी तुम्ही फाटक लावले, तर कारण न विचारता आम्ही मागे वळू. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला गाडीची किल्ली देण्याआधी हे सांगण्याची जबाबदारी आमची.

कळावे, लोभ असावा.

आपले ऋणी,
मराठी स्नोमोबाइल स्वार