राजाला वाचवणाऱ्या काकांना आणि रिक्षावाल्या दादांना थँक्यू

गेल्या पावसाळ्यात आमच्या राजावर, म्हणजे आमच्या पाळलेल्या राजहंसावर, पहाटे दोन कुत्रे तुटून पडले. मी काठी घेऊन धावले तोवर डावा पंख लोंबत होता. रविवार होता, वसईत तीन ठिकाणी फोन केले, सगळे म्हणाले आम्ही कुत्रा-मांजरच बघतो.

शेवटी टॉवेलात गुंडाळून नाक्यावर गेले तर एका रिक्षावाल्या दादांनी लगेच बसवलं, खड्डा आला की एकदम स्लो करायचे, आणि थेट ओळखीच्या काकांकडे नेलं, जनावरांच्या दवाखान्यातून रिटायर झालेले. मी जखमेवर पाणी ओतणार तेवढ्यात काकांनी हात धरला, म्हणाले पक्ष्याचं खांद्याजवळचं हाड पोकळ असतं, श्वासाशी जोडलेलं, तुटून उघडं पडलं असेल तर पाणी आत जाईल. मग ओल्या कापसाने टिपून टिपून साफ केलं, पंख मिटवून अंगाशी बँडेज बांधलं आणि छातीवर पट्टीखाली दोन बोटं घालून बघितली, कारण छाती हलली नाही तर पक्ष्याला श्वासच घेता येत नाही. आणि पूर्ण वेळ त्याच्याशी हळू आवाजात बोलत होते, "झालं रे बाळा, झालं". दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला तोही त्यांनीच सांगितलेल्या डॉक्टरांकडे.

दादा तासभर बाहेर पावसात थांबले, वेटिंगचे पैसे घेतलेच नाहीत.

पंख अजून जरा खाली राहतो, पण काल राजा गेटवर पोस्टमनवर जोरात ओरडला. काका, दादा, नावं लिहू नको म्हणालात म्हणून लिहीत नाही. खूप खूप आभार.