पाणी मुरायचे कुठे?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता ताशी २५ मिलिमीटरवरून ५० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याच्या 'ब्रिमस्टोवॅड' प्रकल्पाला गती मिळाली. वास्तविक त्याचा अहवाल १९९३ पासून दप्तरी पडून होता. पुढे हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह येथे उदंचन केंद्रे (साचलेले पाणी पंपाने उपसून समुद्रात सोडणारी केंद्रे) उभी राहिली, नेहमी पाणी साचणाऱ्या सखल हिंदमाता भागासाठी भूमिगत टाक्याही झाल्या आणि त्यांचा उपयोग नाकारता येणार नाही. मात्र समुद्राकडे उघडणारी वाहिन्यांची बहुतेक तोंडे मोठ्या भरतीच्या पातळीखाली असल्याने, साडेचार मीटरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की पाण्याला बाहेर पडायला वाटच उरत नाही. अशा वेळी काही तास तरी पाणी जमिनीतच थोपवले गेले पाहिजे. आपण नेमके उलटे करत आहोत. रस्ते आणि पदपथ कडेपर्यंत काँक्रीटने बंद होतात, झाडांच्या बुंध्याभोवतीही सिमेंट ओतले जाते (झाड पावसाळ्यात कोसळले की दोष वाऱ्याला!) आणि सोसायट्यांच्या अंगणात मातीचा वीतभर तुकडा शिल्लक राहत नाही. नव्या इमारतींना पर्जन्यजलसंधारणाची सक्ती आहे, पण भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर त्यासाठी खणलेले, पाणी जमिनीत मुरवणारे शोषखड्डे चालू आहेत की गाळाने बुजले, याची तपासणी क्वचितच होते. नालेसफाईच्या आकडेवारीबरोबरच या तपासणीचा प्रभागनिहाय अहवाल महापालिकेने दरवर्षी मे महिन्यात जाहीर करावा.

— एक वाचक, परळ