बाई, आता तुम्ही खेळायला बसा

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

वार्षिक सभेत तुम्ही डायरेक्टरपद सोडत असल्याचं दोन वाक्यांत सांगितलंत आणि लगेच पुढचा विषय घ्यायला लावलात. आभाराचा ठराव झाला, टाळ्या झाल्या. पण तेवढ्यावर भागत नाही, असं आम्हा बऱ्याच जणांना वाटलं, म्हणून हे पत्र. ते क्लबाबाहेरच्यांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे. ब्रिज या पत्त्यांच्या खेळाच्या क्लबात टेबलं मांडणारं आणि निवाडे देणारं डायरेक्टर नावाचं माणूस असतं, हेच अनेकांना ठाऊक नसतं.

मेंढीकोट खेळत वाढलेल्या आपल्या लोकांना वाटतं, पत्ते चांगले आले की जिंकलं. आम्ही क्लबात खेळतो त्या डुप्लिकेट ब्रिजमध्ये तसं नसतं. एकदा वाटलेले पत्ते बोर्ड नावाच्या चपट्या पेटीच्या चार खाचांत तसेच राहतात आणि बोर्ड टेबलामागून टेबल फिरतो. तेच तेरा पत्ते दुसऱ्या टेबलावर दुसऱ्याच कुणाच्या हाती येतात, आणि तुलना होते ती त्यांच्याशी. नशीब बाजूला पडतं. एकही चित्र नसलेले पत्ते आले तरी इतरांपेक्षा कमी मार खाल्ला, तर त्या बोर्डावर सगळ्यांत जास्त गुण मिळू शकतात. हा न्याय मला फार आवडतो. पण तो आपोआप होत नाही, दर शनिवारी कुणीतरी तो मांडावा लागतो. आपल्याकडे तो तुम्ही मांडलात.

टेबलाच्या चार बाजूंना चार दिशांची नावं, समोरासमोरचे दोघे एका जोडीचे. उत्तर-दक्षिण जोड्या जागेवर, पूर्व-पश्चिम जोड्या वरच्या टेबलाकडे, बोर्ड खालच्या टेबलाकडे. ऐकायला सोपं आहे. टेबलं सम संख्येत असली की अर्ध्या वाटेवर एक टेबल गाळावं लागतं, नाहीतर खेळून झालेले बोर्डच पुन्हा समोर येतात. त्यात कुणीतरी जोडी उशिरा येते आणि आखलेलं सगळं बदलतं. शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंना हे जड नव्हतं, हे खरं. पण त्या मांडणीत तुम्ही एक गोष्ट कायम सांभाळलीत: गुडघे दुखणाऱ्यांना उत्तर-दक्षिण. कुणाला मागावं लागलं नाही. जिना चढताना कोण कठड्याला धरतंय, हे तुम्ही आधीच पाहिलेलं असायचं. ज्या काकांचा हात थरथरतो, त्यांच्यासाठी सुताराकडून खाचेची लाकडी पट्टी करून आणलीत. तेरा पत्ते तीत उभे राहतात, काका फक्त हवा तो उचलतात. मोठ्या आकड्यांच्या पत्त्यांचे जोडही तुम्हीच आणले. त्यांची पावती खजिनदारांना कधी मिळाली नाही म्हणे.

आणि सगळ्यांत मोठं काम. ब्रिजला भिडू लागतो. भिडू नसला की माणूस घरीच बसतो. गावाला गेला, आजारी पडला, वारला, कारण काहीही असो. मी बदली होऊन पुण्यात आले तेव्हा इथे कुणालाच ओळखत नव्हते. तुमचा नियम होता, एकटं आलेलं माणूस न खेळता परत जाणार नाही. दुसरं कुणी एकटं असलं तर तुम्ही जोडी लावून द्यायचात, नसलं तर स्वतः समोर बसायचात. स्वतःचे पत्ते उपडे ठेवून, ‘डायरेक्टर’ अशी हाक आली की उठायचं, निवाडा द्यायचा, परत येऊन पुढचा पत्ता टाकायचा. तुमच्या तोडीच्या खेळाडूला हे किती महागात पडतं ते आम्हाला दिसत होतं. मोठ्या स्पर्धांत खेळणारा भिडू तुम्हाला सहज मिळाला असता. तुम्ही मात्र नवशिक्यांसमोर बसलात, आणि त्यांच्या फसलेल्या तीन नो ट्रम्पवर, म्हणजे हुकमाशिवाय नऊ हात करण्याच्या बोलीवर, कधी भुवईसुद्धा उंचावली नाहीत.

निवाडे तर ऐकण्यासारखे असायचे. रंग हातात असून कुणी हुकूम मारला की टेबलावर आवाज चढतात. तुम्ही आलात की आधी सगळ्यांनी पत्ते खाली ठेवायचे, मग प्रत्येकाचं ऐकून घ्यायचं, मग पुस्तक उघडून नियम वाचायचा. पाठ असूनही वाचायचात. भिडू फार वेळ थबकला, तर त्या थबकण्यातून मिळालेल्या माहितीचा फायदा घ्यायचा नाही, हे मी तुमच्याकडून शिकले. स्वतःवर असा लगाम ठेवायला लावणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

2020 च्या मार्चमध्ये क्लबाला कुलूप लागलं. तुम्ही एकेका सदस्याला फोन करून ‘ब्रिज बेस ऑनलाइन’ या इंटरनेटवर ब्रिज खेळायच्या संकेतस्थळावर बसवलंत. पासवर्ड, चार्जर, नातवाने उचलून नेलेला टॅब, सगळ्यातून वाट काढलीत. घरात एकट्या राहणाऱ्यांसाठी ती संध्याकाळ काय होती, ते त्यांनीच सांगावं. मला त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार नाही, आभार मात्र मानते.

2018 ला जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी भारतासाठी ब्रिजचं सुवर्णपदक मिळवलं. बर्धन तेव्हा साठ वर्षांचे होते. मग 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाने रौप्य जिंकलं. त्या बातम्यांची कात्रणं फळ्यावर लावून तुम्ही नवशिक्यांचा वर्ग उभा केलात. हातातल्या पत्त्यांची ताकद मोजायचे गुण, एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक, इथपासून. त्या वर्गातली मुलं आता शनिवारी आम्हाला हरवतात. त्यांतल्याच दोघांना तुम्ही नियम आणि गुणलेखन शिकवून तयार केलंत. या महिन्यापासून टेबलं ते मांडतील. पहिल्या शनिवारचा निकाल त्यांनी चहा संपायच्या आत लावला, हे तुम्ही पाहिलंतच.

म्हणजे आता तुम्ही मोकळ्या आहात. पुढच्या महिन्यातल्या जोड्यांच्या स्पर्धेसाठी मी अजून भिडू ठरवलेला नाही. बोलीच्या पद्धतींपैकी पाच पत्त्यांचे मेजर (इस्पिक किंवा बदाम बोलायला त्या रंगाचे पाच पत्ते) आणि पंधरा ते सतरा गुणांचा एक नो ट्रम्प मी खेळते, बाकी तुम्ही म्हणाल तसं. खेळाल माझ्याबरोबर?

तुमची,
पूर्व-पश्चिमेची एक विद्यार्थिनी