विषय: कॉस्टिकच्या पंपासाठी चुकीच्या रबराचे मेकॅनिकल सील पाठवल्याबाबत

प्रति,
सेवा व्यवस्थापक

महोदय,

आमच्या इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमधील कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) रिकव्हरी प्लँटच्या सर्क्युलेशन पंपासाठी, फिरत्या शाफ्टपाशी गळती रोखणारी ३ मेकॅनिकल सील तुमच्याकडून घेतली. पहिले ११ दिवसांत गळले, दुसरे ९ दिवसांत. तुमच्या प्रतिनिधींनी दोन्ही वेळा प्लँटवर पाय न ठेवता फोनवरच निकाल दिला, ‘पंप कोरडा चालवला असेल.’ वॉरंटी नाकारली. म्हणून हे पत्र.

आमच्या पंपाच्या डोक्यावर टाकी आहे, सक्शन कायम भरलेले असते. लेव्हल खाली गेली की पंप आपोआप बंद पडतो. तरीही तुमचे म्हणणे खरे असू शकते असे धरून मी दोन्ही सील टेबलावर खोलली. सील कोरडे चालले की फेसच्या, म्हणजे एकमेकांवर घासणाऱ्या कार्बन आणि सिलिकॉन कार्बाइडच्या दोन चकत्यांच्या, मधली द्रवाची पातळ फिल्म जाते, घर्षणाने फेस तापतात आणि सिलिकॉन कार्बाइडवर केसासारख्या आडव्या-उभ्या चिरा पडतात, कार्बनही झिजून जातो. इथे तसे काही नाही. कार्बन जवळजवळ नव्यासारखा, कार्बाइडचा फेस आरशासारखा. स्प्रिंगही धड. मेली आहे ती फक्त शाफ्टवरची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी. नखाने दाबली तर दबत नाही, वाकवली तर कडकन तुटते.

आमची लाय (कॉस्टिकचे द्रावण) ८० अंशांच्या वर गरम असते. अशा कॉस्टिकमध्ये व्हायटॉन जातीचे रबर टिकत नाही, कडक होऊन तडकते. तिथे ईपीडीएम जातीचे रबरच लागते. ऑर्डरमध्ये आम्ही ईपीडीएम असे स्पष्ट लिहिले होते. तुमच्या बिलावरही ईपीडीएमच आहे. पण दोन्ही रबरे काळी, डोळ्यांना कळत नाहीत. म्हणून न वापरलेल्या तिसऱ्या सीलची ओ-रिंग आणि स्टोअरमध्ये पडून असलेली त्याच मापाची जुनी ईपीडीएम रिंग घेऊन मी हुपरीला एका चांदीवाल्या पाहुण्यांकडे गेलो. त्यांच्या काट्यावर जुनी भरली १.४ ग्रॅम, तुमची २.३ ग्रॅम. एकाच मापाच्या रिंगमध्ये एवढा फरक! व्हायटॉन ईपीडीएमपेक्षा बरेच जड असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. (पाहुणे हसले, म्हणाले, ‘आता रबराचा पण भाव काढायचा का?’)

फिटिंगचा दोष काढाल, म्हणून तेही लिहितो. ईपीडीएम समजूनच बसवत होतो, म्हणून ग्रीस लावले नाही. साबणाच्या पाण्यावर बसवले, कारण खनिज तेलाने ते फुगते.

गळती कशी सुरू झाली तेही पाहा. आधी ग्लँड प्लेटच्या (सील जागी धरणाऱ्या झाकणाच्या) खाली पांढरी पूड धरू लागली. बाहेर आलेली लाय हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने धुण्याच्या सोड्यात बदलते, तीच ती. पहिल्या दिवशी वाटले कोणी चुन्याचा हात लावलाय. चौथ्या दिवशी थेंब, नंतर धार. पुसायला गेलेल्या पोराच्या मनगटावर लाय उडाली. जवळच नळ होता, बराच वेळ हात पाण्याखाली धरला, म्हणून निभावले.

सध्या पंप सीलऐवजी ग्लँड पॅकिंगवर (शाफ्टभोवती दाबून भरलेल्या दोरीवर) चालवतो आहोत. खाली बादली ठेवली आहे, पाळीत दोनदा भरते. थेंब थांबावेत म्हणूनच सीलला एवढे पैसे मोजले होते.

तरी कृपया:
तिन्ही सील बदलून ईपीडीएम ओ-रिंग असलेली पाठवावीत, किंवा पूर्ण रक्कम परत करावी. प्रत्येक रिंगसोबत मटेरियल सर्टिफिकेट हवे. आणि त्याच लॉटमधली सील आमच्यासारख्या कॉस्टिकच्या आणखी कोणाकडे गेली असतील तर त्यांना आजच फोन करा.

तुटलेल्या दोन रिंग आणि तिसरी नवी रिंग सोबत पाकिटात पाठवत आहे. काट्यावर ठेवून पाहा. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक आयोगात जायचे की कोर्टात, हे आमचे वकील ठरवतील.

आपला,
मेंटेनन्स इनचार्ज
प्रोसेस हाऊस, इचलकरंजी