मनोविकाराचा दवाखाना अत्यावश्यक नव्हता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

करोनाचा विषय निघाला की चर्चा लाटा, लशी आणि मृतांच्या आकड्यांपाशी येऊन थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी उठवली, तेव्हा बहुतेकांनी विषयही मिटवून टाकला.

साथीच्या पहिल्या वर्षात जगभरात नैराश्य आणि चिंताविकाराचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे याच संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले. हा आकडा अधूनमधून छापून येतो. त्याच्या शेजारी दुसराही छापायला हवा. ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३० देशांच्या पाहणीत तब्बल ९३ टक्के देशांत मानसिक आरोग्याच्या महत्त्वाच्या सेवा विस्कळीत किंवा बंद झाल्याचे आढळले होते. म्हणजे माणसे खचत होती, नेमके तेव्हाच मदतीचे दार लागले. फोनवर सल्ला मिळत होता, हे मान्य. पण घरातल्याच माणसाच्या जाचाने पिचलेल्या बाईने, तोच माणूस शेजारी बसलेला असताना, फोनवर बोलायचे तरी काय?

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील २०२१च्या अभ्यासानुसार २०२०मध्ये नैराश्याचे सुमारे ५.३ कोटी आणि चिंताविकाराचे ७.६ कोटी जादा रुग्ण होते. झळ जास्त बसली ती स्त्रियांना आणि तरुणांना. विषाणूपासून जिवाला धोका सर्वांत कमी, त्या वयाची ही गत!

ज्यांची माणसे गेली त्यांच्याविषयी तर फारच कमी बोलले जाते. कित्येकांची शेवटची भेट परिचारिकेने हातात धरलेल्या फोनवर झाली. पलीकडून यंत्रांचा आवाज, तोंडावर मास्क, आणि आपले बोलणे पोहोचले की नाही हे कळायच्या आत फोन पुढच्या खाटेकडे. महिनोन्‌महिने न ओसरणारा, रोजचे जगणेच अडवणारा शोक हा विकार असू शकतो, हे जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात नोंदले गेले आहे. त्यावर उपचार मात्र कितीजणांना मिळाले?

अर्थात, सगळे जगच कोलमडले असा गळा काढण्यातही अर्थ नाही. २१ देशांच्या आकडेवारीत पहिल्या काही महिन्यांत आत्महत्या एकूणात वाढल्याचे दिसले नाही. जपानमध्ये त्या २०२०च्या उत्तरार्धात वाढल्या, त्यातही स्त्रियांच्या अधिक. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमावा लागला. पहिल्या काही महिन्यांचे आकडे पाहून हायसे वाटलेल्यांनी हे ध्यानात घ्यावे.

जगभरातली सरकारे आरोग्याच्या तरतुदीतले सरासरी जेमतेम दोन टक्के मानसिक आरोग्यावर खर्च करतात. ही तरतूद वाढायला हवीच. पण त्यासाठी न थांबता एक गोष्ट आजच करता येईल. पुढच्या साथीसाठी अत्यावश्यक सेवांच्या याद्या तयार होतील तेव्हा समुपदेशक, मनोविकारांची औषधे आणि प्रत्यक्ष भेटून उपचार देणारी केंद्रे यांची नावे पहिल्या दिवसापासून त्यांत असावीत.

आपला,
एक वाचक